वस्ताद, तुम्ही माझं म्हणणं खरं धरलंत

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचत बसणार नाही, तेव्हा मुलाला सांगा वाचून दाखवायला. त्या दिवशी तुमच्या व्हील अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मापून जुळवायच्या दुकानातून निघताना मी नुसतं "येते" म्हणाले आणि गाडीत बसले. आणखी एक शब्द बोलले असते तर तिथंच रडू आलं असतं. त्या दिवशी राहिलेलं आज सगळ्यांदेखत लिहिते आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, मी जनावरांची डॉक्टर. गगनबावड्याच्या बाजूला धनगरवाड्यांवर, वाड्यावस्त्यांवर जनावरं बघायला जायचं. मागच्या हौद्यात औषधांच्या पेट्या आणि कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्यांचा नायट्रोजनचा कॅन, पुढे मी एकटी. तिकडचा पाऊस सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. दोन पावसाळ्यांत वाटेवरची माती वाहून जाते, दगड वर येतात आणि गाडीचं पोट घासतं. म्हणून पिकअप थोडी उचलून घेतली. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंगच्या खांबाच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, मागे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळे. "दोन इंच उंची, कमी खर्चात, बाकी कशाला हात लावायचा नाही," असं बसवणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं.

उंची मिळाली. पण गाडी बिघडली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं धरावं लागायचं आणि हात जरा सैल पडला की गाडी डावीकडे. करूळ घाटात वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक परत यायला हवं, ते जिथल्या तिथं थांबायचं. प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी ओढून आणायचं. रात्री अडलेल्या गाईसाठी फोन आला की मला गाईच्या आधी घाटाची भीती वाटायची. घरी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रात्रीचं जाणं बंद करा म्हणाले असते.

बसवणाऱ्याकडे परत गेले तर म्हणाला, "लिफ्ट केल्यावर एवढं होणारच." त्यानंतरचं अलाइनमेंटचं दुकान काचेचं, चकचकीत, भिंतीवर मोठा स्क्रीन. मला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. सोबत धाकटा दीर आला होता, त्याला आत बोलावून समजावलं. त्याला गाडी चालवता येत नाही. तो तसं सांगत होता, तरी बोलणं त्याच्याशीच चालू. मला मशीनमधून निघालेला मापांचा कागद दिला, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात. ओढते म्हटलं तर उत्तर तयार होतं: "मॅडम, रस्त्याला डावीकडे उतार असतो, थोडी जाणारच. आणि तुम्हाला सवय नसेल." सवय! माझी अख्खी कमाई स्टेअरिंगवर बसून होते. वर चार नवे टायर घ्या म्हणून मागे लागले. पुढच्या गॅरेजमध्ये तोच कागद दाखवला, तर त्यांनी हिरवे आकडे बघितले आणि गाडीकडे नजरही टाकली नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. उद्यमनगरच्या आतल्या गल्लीत, लेथच्या आवाजातून वाट काढत आले. तुमच्याकडे अलाइनमेंटचं मशीन आहे, जुनं का होईना, पण तुम्ही मशीनकडे गेलाच नाहीत. आधी मला विचारलंत, काय होतंय, कधी होतंय, घाटात जास्त का सपाटीला. मी सांगत होते आणि तुम्ही मध्ये बोलत नव्हता. मग वाकून टायरवर तळवा ठेवलात आणि मला म्हणालात, "हिकडं या, तुमी फिरवा हात." बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत. आतून बाहेर फिरवला तर रबराच्या प्रत्येक पट्टीची कड तळव्याला टोचली. डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. चाक सरळ गडगडत नाही, घासत जातंय, एवढं मला तिथल्या तिथं कळलं.

तुमचा मुलगा म्हणाला, "पण आबा, कागद तर हिरवा हाय." तुम्ही जे बोललात ते मी जन्मात विसरणार नाही. "कागद चालवतोय का गाडी? बाई म्हनत्यात वडतीया, म्हंजे वडतीया. का वडतीया ते बघायचं आपलं काम."

गोठ्यात गेल्यावर मी नेहमी धार काढणाऱ्या बाईचं आधी ऐकते. थर्मामीटर ताप नाही म्हणत असला तरी ती "आज हिचं काहीतरी बिनसलंय" म्हणाली की मी पुन्हा तपासते, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं. माझ्या गाडीच्या बाबतीत माझं असं ऐकणारे तुम्ही पहिले.

त्यानंतर तुम्ही किल्ली माझ्याच हातात परत दिलीत. मला वाटलं होतं तुम्ही चालवून बघाल. तुम्ही डावीकडचं दार उघडलंत, सीटवरच्या माझ्या सलाईनच्या बाटल्या उचलून मांडीवर घेतल्यात आणि म्हणालात, "रोज जशा जाता तशा जावा." मागच्या पेट्या उतरवायला निघालेल्या पोरालाही थांबवलंत, रोजचा भार गाडीत तसाच पाहिजे म्हणून. विद्यापीठाच्या पुढे हायवेला लागलो. तुम्ही ना स्टेअरिंगकडे बघत होता, ना माझ्या हातांकडे, एकदाही "असं धरा, तसं धरा" म्हणाला नाहीत. परतताना एका सुनसान आडरस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, मला हळूहळू उजव्या कडेने चालवायला लावलंत. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. उताराने गाडी जात असती तर तिथं ती उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच आली. तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या काचेच्या दुकानाने माझ्या तोंडावर मारलेला रस्त्याचा उतार तुम्ही शंभर फुटांत निकालात काढलात, आणि तेही मी चालवत असताना.

पुढचं सगळं इथं लिहीत नाही. पण अशी गाडी उचलून घेतलेल्यांना उपयोगी पडेल तेवढं सांगते. हिरव्या कागदाची पहिली ओळ तुम्ही वाचलीत आणि तिथं गाडीचं मॉडेल दुसरंच निघालं. भलत्याच गाडीच्या मापात आमची गाडी हिरवी ठरवली होती. काचेच्या दुकानवाल्यांनी फिरवला होता फक्त टाय रॉड, म्हणजे टो: चाकांची तोंडं आत की बाहेर, एवढंच. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतबाहेरचा कल, आणि कॅस्टरला कुणी हात लावला नव्हता. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वरखाली दोन आर्म असलेली गाडी उचलली की वरखालचे आर्म आपल्या जागेवरून उतरतात आणि हे तिन्ही कोन एकदम बदलतात. चाक ज्या आसावर वळतं त्या आसाचा मागचा कल म्हणजे कॅस्टर. तो कमी झाला की स्टेअरिंग परत येत नाही. दोन बाजूंना कमीजास्त झाला की गाडी एका अंगाला जाते. हे सगळं तुम्ही फरशीवर खडूने काढून दाखवलंत, मला स्टूल पुसून देऊन, माझ्या हातात टॉर्च देऊन. डावीउजवीकडचे स्पेसर एका जाडीचे नव्हते, हे तर जाडी मापायचा कॅलिपर लावून माझ्याकडूनच वाचून घेतलंत. हे कोन जुळवायचे कॅम बोल्ट दोन्हीकडे शेवटाला टेकलेले होते, पुढे फिरायला जागाच नाही. "ह्या उंचीला ही गाडी मापात येनार न्हाई. वरचे आर्म बदला, न्हाईतर उंची निम्मी करा. मी तुमच्या जागी असतो तर निम्मी केली असती," असं स्वच्छ सांगितलंत. महागडे आर्म गळ्यात मारता आले असते. मारले नाहीत. एकसारखे पातळ स्पेसर घातलेत, मागचे ठोकळेही त्याच हिशोबाने. कॅस्टर, कॅम्बर आधी आणि टो सगळ्यात शेवटी.

टायरही बदलू दिले नाहीत. "अजून जीव हाय त्यात, फिरवून घालतो."

वस्ताद, माणसाला कमी लेखायला काही लागत नाही. खुर्ची दाखवायची आणि बोलणं दुसऱ्याशी करायचं. मी शिकलेली आहे, डॉक्टर म्हणून गावोगाव मान आहे, तरी त्या काचेबाहेरच्या खुर्चीवर मला माझ्याच हातांवर शंका यायला लागली होती. जिला हे सगळं लिहिता येत नाही, तिचं काय होत असेल? आपल्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या इंजिनं उघडली गेली, सुटे भाग घडले, त्याचं कौतुक सगळे करतात आणि करायलाच पाहिजे. पण समोरच्याचं पुरतं ऐकून घेऊन मग पाना उचलणारी माणसं तिथं आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. अशी माणसं गावाची अब्रू राखतात. खोटं बोलायची संधी रोज शंभरदा येत असेल तुमच्या धंद्यात. गिऱ्हाईकाला गाडीखालचं काय दिसतंय? तुम्ही गिऱ्हाईकाला गाडीखाली नेता.

परवा रात्री करूळ घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला गेले. वळण संपलं की स्टेअरिंग तळव्यातून आपलं आपण सरळ होत होतं. पोहोचले तेव्हा हात दुखत नव्हते, आणि वासराचे पाय आत मुडपलेले असताना डॉक्टरचे हात ताजे असणं किती कामाचं असतं ते मला विचारा. गाय आणि कालवड दोन्ही सुखरूप आहेत.

पैसे घेताना तुम्ही गावाकडच्या म्हशीचं बोलला होता, दोनदा भरवूनही उलटली, गाभण राहिली नाही म्हणून. तेव्हा मी घाईत होते, पण ते डोक्यात राहिलंय. येत्या रविवारी सकाळी गावी येते तपासायला. सकाळची धार काढून ठेवा आणि ती कधी माजावर आली होती, त्या तारखा वहिनींना विचारून ठेवा, त्यांनाच नीट आठवत असतील. फीचा विषय काढायचा नाही.

तुमची,
डाक्टरीणबाई