‘लिसेस्टर’ नव्हे, ‘लेस्टर’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शब्दाचा उच्चार त्याच्या स्पेलिंगवरून ठरवू नका, असे मी नोकरीभर वर्गात सांगत आलो. परंतु मराठी शाळेत शिकलेला वाचक तो उच्चार पुष्कळदा वर्तमानपत्रातील देवनागरीवरून उचलतो, कारण जसे लिहिले तसे वाचायचे ही आपली पहिलीपासूनची सवय आहे. म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

अजिंक्य रहाणे २०२४ मध्ये ज्या इंग्लिश कौंटीकडून खेळला, तिचे नाव मराठीत सर्रास ‘लिसेस्टरशायर’ असे छापले जाते. प्रत्यक्षात इंग्रज तिला ‘लेस्टरशर’ म्हणतात, ‘ग्लॉसेस्टर’ला ‘ग्लॉस्टर’ आणि ‘वॉर्सेस्टर’ला चक्क ‘वुस्टर’. ‘एडिनबर्ग’चे ‘एडिनबरा’ आणि ‘वॉरविक’चे ‘वॉरिक’ हेही त्याच पंगतीतले. अमेरिकेतील आर्कन्सॉच्या विधिमंडळाने तर १८८१ मध्ये ठराव करून आपल्या राज्याच्या नावातील शेवटचा ‘स’ उच्चारायचा नाही असे ठरवून टाकले, तरी आपल्याकडे ‘अर्कान्सास’ छापून येतेच. याउलट भूगोलाच्या पुस्तकाने ‘ग्रीनिच’ लिहिताना मधला मुका ‘व’ गाळला, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुले तिथे अडखळली नाहीत. ‘कर्नल’चे स्पेलिंग पाहिले तर त्यात ‘र’ कोठेच नाही, पण हा शब्द पलटणीतून कानांवाटे आला, म्हणून तो बिनचूक राहिला.

अर्थविषयक मजकुरात ‘डेट फंड’ आणि ‘डेब्ट फंड’ (debt, म्हणजे कर्ज) अशी दोन्ही रूपे दिसतात. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना या शब्दात ‘ब’ नव्हता. लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेने पंडितांनी तो पुढे स्पेलिंगमध्ये घुसवला, उच्चारात तो कधीच शिरला नाही. तेव्हा ‘डेट’ हेच योग्य.

‘फोटोग्राफर’ म्हणताना जोर दुसऱ्या अक्षरावर द्यायचा असतो, हे देवनागरीत दाखवता येत नाही, हे मान्य. तसेच ‘हॉटेल’, ‘इंजिन’ हे शब्द आता मराठीच झाले आहेत; मिसळीच्या दुकानात कोणी ‘होटेऽल’ म्हणू लागला तर मलाच हसू येईल. माझा आग्रह विशेषनामांपुरता आणि नव्याने येणाऱ्या शब्दांपुरता आहे. अशा शब्दांचा उच्चार कोशात ऐकून त्यांची यादी उपसंपादकांच्या टेबलावर ठेवावी आणि क्रीडा, अर्थ व परदेश या तिन्ही पानांवर एकच रूप वापरावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा