आळीत घर घेण्याआधी

महोदय,

वाईत घर शोधणाऱ्यांना दलाल आधी गावाबाहेरचे प्लॉट दाखवतात. आम्ही निवृत्तीनंतर मुद्दाम जुन्या आळीत घर घेतले. ढोल्या गणपती, भाजी, दवाखाना, बँक सगळे पायी. हिला गुडघ्याचा त्रास आहे, तरी रोज एकटी नदीच्या घाटावर जाऊन येते. शेजारच्या काकू दार वाजवत नाहीत, ओट्यावरून हाक मारतात. एवढी सोबत मला कुठल्याच सोसायटीत मिळाली नव्हती.

पण खरेदीआधी नीट डोळे उघडून बघावे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आजोबांचेच नाव आणि वारस पुण्या-मुंबईत विखुरलेले, ही इथली नेहमीची गोष्ट. एकाची सही राहिली तरी बँक कर्ज अडवते. सामाईक भिंत कोणाची, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते, हे खरेदीखतात लिहून घ्यावे. नंतर भांडणे त्यावरूनच होतात. चारचाकी दारापर्यंत येत नाही, हेही मान्य करावे लागते.

सर्वांत महत्त्वाची कृष्णा. धोम धरणातून विसर्ग वाढला की घाट पाण्याखाली जातो. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या दोन रेषा आखतात: नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत, आणि हे ग्राहकाला बहुधा इसार दिल्यावर कळते. दोन्ही पूररेषा दाखवणारा नकाशा नगरपालिकेने प्रत्येक आळीत, सगळ्यांना वाचता येईल असा लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, वाई