चि. सूरजला पत्र : रणगाडा आणि क्षेपणास्त्र

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव

चि. सूरज यास,
अनेक आशीर्वाद.

मिलान या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा कोर्स चांगल्या ग्रेडने पार पाडलास. आईने गल्लीभर साखर वाटली. पण त्या दिवशी तू म्हणालास, "आप्पा, युक्रेनचे व्हिडिओ बघा, रणगाड्याचे दिवस संपले." हे मला पटलेलं नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धातली असल उत्तरची लढाई तुला सेंटरमध्ये शिकवलीच असेल. आपल्या येळ्ळूरला भात, पण चिकोडीला मामाच्या मळ्यातला ऊस तू पाहिलायस. सप्टेंबरात तो डोक्याच्या वर जातो, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिथे पंजाबात, खेमकरणकडेही तसाच ऊस उभा होता, आणि कालव्याचं पाणी सोडून आपल्या लोकांनी ते रान चिबड केलं होतं. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे तिथे रुतले. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ आरसीएलने, म्हणजे रणगाडाविरोधी रिकॉइललेस गनने, जवळून एकेक टिपले. परमवीरचक्र मिळालं, त्यांचं नाव घेताना आजही माझी मान ताठ होते. पण सुरुंग कोणी पेरले, तोफखाना कुठून मारा करत होता, दबा धरून बसलेले आपले सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे कुठल्या पलटणीचे होते, हेही तुला तोंडपाठ पाहिजे. त्या सगळ्यांनी मिळून सापळा लावला होता. आणि १०६ वर मी स्वतः काम केलंय. गोळा सुटला की मागे धुळीचा असा लोट उठतो की शत्रूला लांबूनही गन कुठे आहे ते कळतं. १० सप्टेंबरला हमीद यांची जीपही शेवटी नजरेत आलीच.

आता १९७३ बघ. ६ ऑक्टोबरला इजिप्तचं पायदळ सुएझ कालवा ओलांडून आलं, हातात खांद्यावरून डागायचे आरपीजी आणि रणगाडाविरोधी मालुत्का क्षेपणास्त्रं. ८ तारखेला इस्रायलचे रणगाडे पायदळ नाही, पुरेसा तोफखाना नाही, असे नुसतेच त्यांच्यावर धावले आणि जळाले. तेव्हाही जगभर लोक म्हणाले की रणगाडा संपला. पण मालुत्का तीन किलोमीटर जायला पंचवीसेक सेकंद घेते. तेवढा वेळ तिचा चालवणारा दांडी धरून, तिच्यावर डोळा ठेवून बसलेला असतो. इस्रायली सावरले, मोर्टार आणि मशीनगनचा मारा त्या माणसावर सुरू केला, रणगाड्यांबरोबर पायदळ आणलं. हात हलला की नेम गेला. मग १४ तारखेला इजिप्तचेच रणगाडे आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पुढे सरसावले आणि दोनशेच्या वर गमावून परतले. एका आठवड्यात दोन्ही बाजूंनी एकच किंमत मोजली.

तुझी मिलान सोपी आहे, काटा निशाण्यावर धरला की बाकी काम ती करते. तरी दोन किलोमीटरला बारा-तेरा सेकंद लागतातच. त्या सेकंदांत तुझ्यावर गोळी येऊ नये म्हणून कोण झटतंय, यावर तू घरी येणार की नाही ते ठरतं. बाप म्हणून मी हे स्पष्टच लिहितो.

युक्रेनचंही तेच. २०२२ मध्ये कीव्हकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रशियाच्या रणगाड्यांच्या रांगा सापडल्या, कारण बरोबर पुरेसं पायदळ नव्हतं. पण जॅव्हेलिनसारखं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र हातात असलेल्या त्याच युक्रेनने लेपर्ड रणगाडे मागितले, आणि जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीने ते द्यायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात तेही सुरुंगात अडकले, वरून हेलिकॉप्टरांनी टिपले. डोक्यावर विमानांचं संरक्षण नव्हतं. नवं हत्यार येतं, रणगाडा एकटा पडला की मरतो. क्षेपणास्त्रवाला एकटा पडला की तोही मरतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

पलटणीत पोहोचलास की पहिल्याच आठवड्यात मोर्टार प्लाटूनच्या उस्तादांकडे जाऊन बस. त्यांचा गोळा किती वेळात पडतो ते विचार. डाव्या-उजव्या रायफल कंपनीतल्या पोरांशी ओळख कर. फायर केल्यावर हलायची दुसरी आणि तिसरी जागा आधीच हेरून ठेव, तिथली वाट अंधारात पायाने चालून बघ. हे मला लिहून कळवू नकोस, कामाच्या गोष्टी पत्रात येता कामा नयेत.

कुंदा पाठवलाय, मिळाला की आईला फोन कर.

तुझे,
आप्पा