शनिवारी ओमला बाहेर नेताना

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारी ओमला प्राणिसंग्रहालयात तुम्ही दोघंच नेणार, हे ठरलंच आहे तर फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहून देते. हवं तिथे उलटून बघता येईल.

सगळ्यात आधी वेळेचं. दार उघडतं त्या वेळेला पोहोचा आणि दीड तासात बाहेर पडा. तो खुशीत असला तरी. खरं तर खुशीत असतानाच. आवाज, वास, गर्दी, ऊन हे त्याच्या अंगात साठत जातं आणि वरून काही दिसत नाही. दोन तासांनी एखादा फुगा फुटला किंवा कुणाचा धक्का लागला की सगळं एकदम बाहेर येतं. मग आपण फुग्याला दोष देतो, पण भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असतं.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, आधी डॉक्टर एकच काहीतरी म्हणायचे, आता स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दोन्ही एकाच मुलाला कसं? अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात २०१३ पर्यंत ही दोन निदानं एकत्र द्यायला मनाई होती. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीत ती उठली. त्याआधीही मुलं अशीच होती, फक्त कागदावर एकच नाव लिहिलं जायचं. बाहेर नेताना या दोघांची ओढाताण होते. स्वमग्नतेला सगळं कालच्यासारखं हवं आणि एडीएचडीला दर पाच मिनिटांनी काही नवं. त्यामुळे रस्ता, डबा, बसायचा बाक, क्रम हे सगळं नेहमीचं ठेवा, आणि त्यात एकच गोष्ट नवी. या वेळी ती हत्ती. हत्ती आणि सर्पोद्यान दोन्ही नको.

चित्रांची पट्टी करून ठेवली आहे: गाडी, हत्ती, डबा, घर. शुक्रवारी संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा दाखवा. एक गोष्ट झाली की ते चित्र तो स्वतः उलटं लावतो. पाचवं कार्ड प्रश्नचिन्हाचं आहे, ते बाबांच्या खिशात. हत्ती आत बांधलेला असेल किंवा वाट बंद असेल तर आधी हे कार्ड दाखवायचं, मग बदल सांगायचा. बदल होणार हे कळलं की तो बरंच सोसतो.

बोलण्याबद्दल, आणि आई, हे तुला जड जाणार आहे. तीन-चार शब्दांचं एकच वाक्य बोलायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. "बूट घाल." मग गप्प. सातव्या-आठव्या आकड्याला त्याचा हात बुटाकडे जातो. पाचव्या आकड्याला तू "अरे, बूट घाल ना राजा, उशीर होतोय" म्हणालीस, की त्याच्यासाठी ते नवं वाक्य असतं आणि डोक्यातलं काम पहिल्यापासून सुरू होतं. पुन्हा सांगायचंच झालं तर तेच शब्द, त्याच आवाजात. "पळू नको" ऐवजी "चाल" म्हणा. "माझ्याकडे बघ" म्हणू नका, तो न बघताच जास्त नीट ऐकतो. हात फडफडवत असेल तर फडफडवू दे, तो त्याचा तोल सांभाळतो आहे.

रांग ही त्याची सगळ्यात कठीण जागा. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याला घेऊन लांब फेऱ्या मारायच्या, नंबर आला की हाक. अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या त्याच्याच पाठीवरच्या पिशवीत ठेवा. अंगावर थोडा भार आणि हाताला काम असलं की तो शांत राहतो. त्याहून जड नको. चोवीस किलोचं पोर आहे.

पाणी आणि शू यांच्याबद्दल विचारू नका, घड्याळावर करा. तहान लागल्याचं, शू आल्याचं त्याला आतून उशिरा कळतं, त्यामुळे "आली का?" ला उत्तर नेहमी "नाही" असतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट, आणि पोहोचल्यावर व निघण्याआधी स्वच्छतागृह. तिथे दोन शत्रू आहेत. एक हात वाळवायचं यंत्र. आत जाण्याआधीच कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवा आणि हात रुमालाला पुसा. दुसरा, आपोआप सुटणारा फ्लश. टाकीजवळ काळा डोळा दिसतो, त्यावर चिकटणारा कागद लावायचा. पिशवीच्या पुढच्या कप्प्यात पिवळ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत त्या त्यासाठीच. तो बाहेर पडला की मग कागद काढा.

एडीएचडीची गोळी सकाळी न्याहारीनंतर. आधी दिली तर न्याहारीही जात नाही, कारण तिने भूक मरते. डबा तसाच परत आला तरी आग्रह नको, संध्याकाळी तो भरून काढतो. त्याच्या गोळीचा असर साधारण आठ तास टिकतो आणि उतरताना तो चिडचिडा, रडवेला होतो. म्हणून दुपारी एकच्या आत घरी. जास्तीची गोळी कधीही द्यायची नाही.

आता पळून जाण्याचं. स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं चार वर्षांनंतर कधी ना कधी अशी निघून गेलेली असतात, त्यामुळे हा तुमच्या सांभाळण्याचा दोष नाही. दोघं लक्ष ठेवतात तेव्हा कुणीच ठेवत नाही. "आता माझ्याकडे" असं मोठ्याने म्हणून ताबा घ्यायचा, आणि दुसऱ्याने "हो" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. गर्दीत बोटं न धरता मनगट धरा, बोटं तो सहज सोडवतो. निघताना त्याच दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा, आणि मनगटाच्या पट्टीवर तुमचा नंबर आहे ना बघा. सुटलाच तर नावाने ओरडत मागे पळू नका. त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. एकाने त्याच क्षणी पाण्याकडे जायचं, तळं, कारंजं, हौद, जे जवळ असेल तिकडे. अशा मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोका खरा आहे. दुसऱ्याने रखवालदाराला फोटो दाखवायचा.

भांडं भरत आल्याच्या खुणा: गुणगुणणं मोठं होणं, टाचा उचलून चालणं, एकच प्रश्न पाच-सहा वेळा येणं. यातलं एक दिसलं तर हेडफोन आणि सावलीतला बाक. दोन दिसली तर पट्टीवर घराचं चित्र पुढे आणा आणि निघा.

तरीही मेल्टडाउन झालाच, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटलाच, तर तो हट्ट नाही. हट्टी मूल अधूनमधून बघतं आपण बघतोय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. याला त्या वेळी काहीच दिलं तरी थांबता येत नाही. आई, तू त्याच्या बाजूला हातभर अंतरावर खाली बस आणि काही बोलू नकोस, समजूतसुद्धा नको. बाबा, तुम्ही लोकांकडे तोंड करून मध्ये उभे राहा. कुणी उपदेश करायला आलंच तर, "स्वमग्नता आहे, थोडी जागा द्या", एवढंच. मिठी मारू नका. तो स्वतः तुझा हात ओढून छातीवर दाबून घेईल, तेव्हा घट्ट दाब. हलकं थोपटणं त्याला टोचतं. वीस मिनिटं लागतील, कधी जास्त. नंतर पाणी द्या आणि "का केलंस?" विचारू नका, त्यालाही ते माहीत नसतं.

निघताना तबकडीचं घड्याळ दहा मिनिटांवर लावा, लाल भाग कमी होताना त्याला दिसतो. लाल संपलं की निघायचं. "चल, अजून एक माकड बघू" हे बाबा म्हणणार, मला माहीत आहे. नका म्हणू, पुढच्या वेळी तो लाल रंगावर विश्वास ठेवणार नाही.

घरी आल्यावर तासभर त्याला त्याच्या कोपऱ्यात सोडा. काय काय पाहिलं ते विचारू नका. मंगळवारी-बुधवारी जेवताना अचानक हत्तीचं निघेल, तेव्हा मला फोन करा.

पिशवी शुक्रवारी रात्री भरून दाराशी ठेवते. हेडफोन वरच्या कप्प्यात आहेत.

तुमची,
ताई