पंचगंगेच्या पातळीबरोबर पाण्याची प्रतही कळावी

महोदय,

पावसाळ्यात पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर फुटा-इंचांचे आकडे येऊ लागतात आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठण्याआधीच नदीकाठची कुटुंबे जनावरांसह हलण्याची तयारी करतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ही सवय आपल्याला लावली.

उन्हाळ्यात मात्र, प्रवाह मंदावलेला असताना, मेलेले मासे तरंगू लागले की घाईने नमुने घेतले जातात आणि अहवाल हाती येईपर्यंत दूषित पाणी पुढे वाहून गेलेले असते. विरघळलेला प्राणवायू, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता), तापमान व विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) सतत मोजणारे संवेदक (सेन्सर) आज उपलब्ध आहेत. प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास ते काही मिनिटांत कळवू शकतात, आणि शहराचे सांडपाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याच्या मुखापासून इचलकरंजीपर्यंत ठिकठिकाणी बसवल्यास सांडपाणी कोणत्या टप्प्यात मिसळले, याचाही माग लागतो. संवेदकांवर शेवाळ साचून आकडे चुकू लागतात. म्हणून नियमित सफाई व तपासणीची तरतूद निविदेतच हवी, आणि माझ्या मते यंत्रखरेदीपेक्षा हीच बाब अधिक महत्त्वाची आहे.

हे आकडे पूरपातळीप्रमाणेच रोज सर्वांसाठी जाहीर करावेत, म्हणजे शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांना पिण्याच्या पाण्याचा उपसा वेळीच थांबवता येईल.

– एक वाचक, कोल्हापूर