फुरसुंगीचा पोरगा जाडा कसा झाला

विन्या, लेका,

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यातच हसायला लागतोस आणि मग माझीही गोष्ट तिथेच राहते, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच टाकू. शांतपणे वाच. ऑफिसात वाचू नकोस.

तर झालं असं की पाय प्लास्टरमध्ये होता, हे तुला माहितीच आहे. खडकवासल्याहून परत येताना सायकलवरून पडलो, सहा आठवडे घरी, आणि दुसऱ्याच दिवशी तुझा मेसेज, 'काय फास्टर फेणे, पोचलास का फुरसुंगीला?' मी कळवळतोय आणि तू दात काढतोयस. पण खरं सांगू, तो मेसेज डोक्यात राहिला रे. कारण किती वर्षांत मी भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतल्या त्या पोराचं नाव काढलं नव्हतं. बनेश फेणे, विद्याभवनातला, किडकिडीत, सायकल अशी हाणणार की बस, आणि काही सुचलं की जीभ टाळूला लावून ट्टॉक. आपण दोघांनी वाचनालयातून पुस्तकं आणून आणून, वाचायचा नंबर कुणाचा यावरून भांडून, शेवटी जिन्यात शेजारी बसून एकच पुस्तक दोघांनी वाचायचं असं ठरवलं होतं, आणि तू पान संपायच्या आत उलटायचास.

आता यात क्रोशा कुठून आला. आईकडून. पाय उशीवर ठेवून मी दिवसभर मोबाईल घासत बसलेला तिला बघवेना, तिने तिची क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा आणून मांडीवर टाकला आणि म्हणाली, 'हात तरी चालव.' तुला आठवतं ना आमच्या घरी टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, फोनवर रुमाल, ताईच्या रुखवतात तर तोरणापासून ताटावरच्या झाकणापर्यंत सगळं क्रोशाचं. ती बाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी न बघता विणते. मला पहिले तीन दिवस साखळी सोडून काही जमलं नाही. साखळी म्हणजे काय तर सुईवरच्या फासातून दोरा ओढायचा, पुन्हा ओढायचा, बास. तेवढ्यात घाम फुटला.

मग मी नेटवर बघायला लागलो तर तिथे बाहुल्यांचं एक वेगळंच जग आहे. जपानी प्रकार आहे, अमिगुरुमी म्हणतात, अमी म्हणजे विणलेलं आणि नुइगुरुमी म्हणजे कापूस भरलेलं खेळणं, दोन्ही जोडून केलेला शब्द. सगळं गोल गोल विणत जायचं, जिन्यासारखं, मध्ये कुठे थांबायचं नाही. पण तिथे माझा असा काही गोंधळ झाला की विचारू नकोस. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडवाले डबल क्रोशे म्हणतात! एकच टाका, दोन नावं, आणि मी दोन व्हिडिओ एकत्र बघून विणलेलं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांब झालं. आईने हातात घेतलं, फिरवलं, म्हणाली, 'अरे हे मुके खांब आहेत आणि इथून पुढे तू खांब घातलेस.' संपला विषय. मुका खांब बुटका, खांब उंच. अमेरिका नको आणि इंग्लंड नको.

ठरलं मग, फेणे करायचा. तुझ्यासाठी करायचा हेही तेव्हाच ठरलं पण ते पुढे सांगतो.

सामान आणायला काठी टेकत तुळशीबागेत गेलो. तिथे दुकानदार मला विचारतो, 'वहिनींना कितीची सुई हवीय?' मी म्हटलं वहिनींना नाही, मला, अडीच मिलिमीटरची. तो माणूस क्षणभर थांबला, मग एकदम उत्साहात येऊन सगळी खणं उघडायला लागला. चांगला होता बिचारा. त्यानेच सांगितलं की बाहुलीला लोकर नको, तिला रोवा सुटतो, सुती दोरा घ्या, आणि दोऱ्याच्या लेबलवर लिहिलंय त्याहून बारीक सुई वापरा म्हणजे वीण घट्ट येते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही. हे सोन्यासारखं वाक्य आहे, लिहून ठेव, तुला कधी उपयोग नाही तरी.

पण रंग. दुकानात 'स्किन' नावाचा रंग मिळतो तो काय असतो माहितीये? फिकट गुलाबी, पीचसारखा. युरोपातल्या बाळाचा असावा असा. मी तोच घेऊन आलो आणि आई बघून म्हणाली, 'हा पोरगा फुरसुंगीचा ना, उन्हातान्हात सायकल मारणारा? याला काय कावीळ झालीय?' दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि दुधाच्या चहाचा रंग आणला. मला उगाच वाईट वाटलं की इतकी वर्षं 'स्किन कलर' म्हटल्यावर माझ्याही डोळ्यासमोर तोच गुलाबी खडू यायचा. असो.

आता खरी भानगड ऐक. डोकं छान झालं. मध्यभागी सहा टाक्यांचं कडं, मग प्रत्येक फेरीत सहा सहा वाढवत बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस, मग सात फेऱ्या सरळ, आणि मग तसंच घटवत घटवत खाली बारापर्यंत. मी मोजले, नुसत्या डोक्यात ४६२ टाके आहेत. आणि एक टाका चुकला की पुढच्या फेरीत कळतं, तोवर उशीर झालेला असतो, म्हणून फेरीच्या सुरुवातीला खूण अडकवायची, मी ताईची सेफ्टी पिन लावायचो. डोळे म्हणजे काळे प्लास्टिकचे मणी, मागून वॉशर दाबून बसवायचे, ते डोकं बंद करायच्या आधीच लावावे लागतात, नंतर हात आत जात नाही. मी अर्थातच आधी डोकं बंद केलं. उसवलं. पुन्हा केलं.

मग धड केलं, पॅटर्नमध्ये होतं तसं, तीस टाक्यांचं, कापूस ठासून भरला, हातपाय लावले आणि टेबलावर बसवला. विन्या, तो फास्टर फेणे नव्हता रे. तो मिठाईच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस होता. पोट पुढे, गाल वर, हात दोन्हीकडे टेकवलेले. शेजारच्या काकू आल्या त्यांनी विचारलं, 'अय्या, गणपती का? सोंड राहिलीय वाटतं.'

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या प्रकारातच गोम आहे. गोल विणून आत कापूस भरायचा म्हटल्यावर जे होणार ते गुबगुबीतच होणार, अस्वल करा, घुबड करा, ऑक्टोपस करा, फर्स्टक्लास. पण आपला पोरगा म्हणजे नुसती काडी. तो गुबगुबीत झाला की संपलंच, मग खिडकीच्या गजातून आत कोण शिरणार. मला या गोष्टीचा इतका राग आला की मी दोन दिवस सुईला हात लावला नाही. आई म्हणाली राहू दे, याला दुसरा कोणीतरी म्हण. पण कोण म्हणू?

तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि पॅटर्न बाजूला ठेवला. धड बारापासून सुरू केलं आणि अठराच्या वर जाऊच दिलं नाही. हातपाय सहा टाक्यांची नळी. सहा टाक्यांची नळी विणणं म्हणजे बोटांची परीक्षा रे, फेरी सुरू होते न होते तोच संपते, एका पायाला चोवीस फेऱ्या, आणि आत कापूस जातच नाही, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलत बसायचं. शेवटी कापूस काढून टाकला आणि तार घातली, टोकं दुमडून वर चिकटपट्टी गुंडाळून, नाहीतर टोचते. आणि त्या क्षणी तो उभा राहिला! म्हणजे उभा राहिला आणि लगेच पुढे पडला, कारण ४६२ टाक्यांचं डोकं त्या बारक्या मानेला पेलेना. आईस्क्रीमची काडी मानेतून धडात खुपसली तेव्हा कुठे. आता तो जरासा पुढे झुकतो, पण सायकलवर बसवला की ते बरोबर दिसतं, घाईत आहे असं वाटतं.

हो, सायकल केलीय. दोन प्लास्टिकच्या पडद्याच्या रिंगा घेतल्या, त्यांच्यावर भोवताली काळ्या दोऱ्याने मुके खांब घातले, झाली चाकं. आरे राखाडी दोऱ्याचे, मधला सांगाडा तारेचा. घंटी म्हणजे शर्टाचं बटण. सगळ्यात सोपं काम हेच निघालं आणि सगळे त्याचंच कौतुक करतात, काय न्याय आहे.

शर्टाचं तुला विचारायचं राहिलं. माझ्या डोक्यातला फेणे चौकडीच्या शर्टात आहे, निळी चौकड, का ते विचारू नकोस. तुझ्या डोक्यात तो खाकी हाफपँट आणि पांढऱ्या शर्टातच असणार, शाळेच्या ड्रेसमध्ये, तू तसा भांडला होतास एकदा. दूरदर्शनवर सुमीत राघवन आला तेव्हा तू म्हणाला होतास की हा नाही. आणि २०१७ ला अमेय वाघचा सिनेमा बघून बाहेर आल्यावर मी तुला फोन करून म्हटलं होतं की हा पण नाही, पण सिनेमा मजेदार आहे, त्यात दिलीप प्रभावळकर स्वतः भा. रा. भागवत झालेत ते बघच. ही पुस्तकातल्या पोरांची मजाच आहे, प्रत्येकाकडे आपापला असतो. पण बाहुली करायला बसलं की कुणातरी एकाचाच करावा लागतो. मी माझा केला. चौकड दोन रंगांचे टाके घालून करायला गेलो तर गोल विणीत सगळे चौकोन तिरके सरकत गेले, वादळात उभा आहे असं दिसायला लागलं, मग शर्ट साधा पांढरा विणला आणि वरून निळ्या दोऱ्याने आडव्या उभ्या रेघा शिवल्या. मागून बघू नकोस.

आता तुझ्यासाठी का ते. आठवीत असताना बीजगणिताच्या तासाला सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि मागून ट्टॉक आला. सगळा वर्ग हसला. सर वळले आणि तुझ्याकडे बघितलं, कारण तुझं तोंड कायमच गुन्हेगारासारखं असतं. तू दोन तास बाहेर उभा होतास. ट्टॉक माझा होता. तुला माहिती होतं आणि मला माहिती होतं आणि आपण घरी जाताना त्यावर एक शब्द बोललो नाही, तू फक्त म्हणालास की बरा जमला. विन्या, मला आजही तो बाहेरचा खांब आणि त्याला टेकून उभा असलेला तू दिसतोस, आत मी वही उघडून बसलेला. तेव्हा उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही. बनेश फेणे उठला असता, तो असल्या बाबतीत अगदी मूर्खासारखा सरळ होता.

आणि नेमकं तिथेच आता घोडं अडलंय. तोंड. सगळा पोरगा तयार आहे, केस विस्कटलेले, कान आहेत, नाक म्हणजे एकच टाका, पण तोंड नाही. फेणेला हसरं तोंड करून चालणार नाही, हसरं तर कुठल्याही बाहुलीला असतं, त्याचं तोंड ट्टॉक करतानाचं हवं. काळ्या दोऱ्याने गोल शिवला तर भूत बघितल्यासारखा दिसतो. तिरकी रेघ मारली तर दाढदुखी. गुलाबी जीभ दाखवली तर नुसता वेडावतोय. म्हटलं आधी आपण बघू तोंड कसं होतं ते, म्हणून बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून ट्टॉक ट्टॉक करत होतो, पोरीने बाहेरून विचारलं, बाबा पाल आहे का. मग तिलाच व्हिडिओ काढायला लावला आणि थांबवून थांबवून बघितला. होतं काय, की जीभ टाळूला चिकटते तेव्हा ओठ जेमतेम उघडे असतात, आणि जीभ सुटून आवाज येतो त्या क्षणी जबडा खाली गेलेला असतो, म्हणजे आवाजाच्या आधीचं तोंड वेगळं आणि आवाजाचं वेगळं. यातलं शिवायचं कुठलं? आणि माझं तर आता धड वाजतही नाही, एक दाढ काढल्यापासून फुसका येतो.

तुझा चांगला यायचा. म्हणून एक काम कर. उजेडात उभा राहून, मोबाईल नाकासमोर धरून, पाच-सहा वेळा ट्टॉक कर आणि व्हिडिओ पाठव. स्लो मोशनमध्ये काढ. लाजू नकोस, बायकोला सांग ऑफिसचं काम आहे. तसंही तू राहतोस इंदूरला, भागवतांचा जन्म तिथलाच, १९१० चा, तेव्हा एवढं तर तुझ्या गावाचं देणं लागतंच. मी त्यावरून तोंड शिवतो आणि पार्सल टाकतो. आई म्हणते तू उगाच ताणतोयस, बाहुलीला कुणी इतकं बघत नाही. पण तीच काल त्याला हातात घेऊन म्हणत होती की हा बोलायचा राहिलाय.

पार्सल आलं की डोळे ओढून बघू नकोस, आणि तुझ्या भाच्याचं बाळ आलं तर त्याच्या हाती देऊ नकोस, तीन वर्षांच्या आतल्या पोराला हे मण्यांचे डोळे चालत नाहीत, तोंडात जातात, शिवाय याच्यात तार आहे. मशीनमध्ये अजिबात टाकू नकोस. मळला तर ओल्या फडक्याने पूस. उंची अठरा सेंटिमीटर, टीव्हीच्या बाजूला मावेल, खाली रुमाल हवा असेल तर आई पाठवतेय, नको म्हटलंस तरी पाठवणार आहे.

तुझा,
पश्या

ता. क. पिनकोड पाठव. मागच्या दिवाळीचा फराळ परत आला होता ते आठवतंय ना.