ताशेवाल्याच्या कानाचं काय?

मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा, यांस
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मंडईत अर्धा किलो गवार घेतली. मावशी म्हणाल्या 'साठ', मला ऐकू आलं 'आठ'. मी दहाची नोट पुढे केली. त्यांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ४१ वर्षांचा आहे आणि अकरा वर्षं पथकात ताशा वाजवलाय.

मी बहिरा नाही. आवाज येतो, अक्षर निसटतं. श्रवणचाचणीच्या आलेखात माझी रेघ बरी चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, धपकन खाली जाते, पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यासारखी. 'स', 'श' ही अक्षरं त्याच भागात राहतात.

असं का होतं, ते मला फार उशिरा कळलं. आवाजाने पडदा हलतो, त्यामागची तीन इवली हाडं ते हलणं आतल्या शंखात पोचवतात. शंखातल्या द्रवात लाट उठते आणि केसाळ पेशी डुलतात. त्यातूनच मेंदूकडे संदेश जातो. अशा पेशी एका कानात जेमतेम पंधरा हजार. उंच पट्टीचे आवाज शंखाच्या तोंडाकडच्या पेशी पकडतात, आणि गोंगाटाचा मार आधी त्याच भागाला बसतो. मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, गेलेली पेशी आणत नाही.

सराव संपला की आमच्या कानांना दडे बसायचे. सकाळी मोकळे व्हायचे, म्हणून सगळं ठीक, असं वाटायचं. बहिरेपणाची कारणं पुष्कळ आहेत: वय, वाहता कान, काही औषधं, जन्मजात दोष. माझं मात्र मी स्वतःच्या हाताने, दोन काड्यांनी ओढवून घेतलं.

डीजेवर दरवर्षी ओरड होते, व्हायलाच हवी. पण ढोल-ताशा 'पारंपरिक' म्हणून सुटतो. कानाला परंपरा कळत नाही, साहेब. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तर्री, म्हणजे ताशावरची सलग जलद थाप, सुरू असताना ताशाशेजारी धरलेल्या मोबाइलवरचा आकडा शंभराखाली येत नाही, आणि नदीपात्रातला सराव दोन-तीन तास चालतो, तोही महिना-दीड महिना.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा आहे. ती घरात बसलेल्यासाठी. वाजवणाऱ्याच्या कानाचं नाव त्यात कुठेच नाही.

पथकं बंद करा असं मी म्हणणार नाही. विसर्जनाला अलका चौकात पहिला टोल पडला की आजही माझी बोटं चाळवतात. मागणी एवढीच, की सरावाच्या परवानगीत एक अट घाला: प्रत्येक वादकाच्या कानात फोमचे बोळे, आणि हंगामाआधी एकदा श्रवणचाचणी. बोळे चहा-क्रीमरोलच्या पैशांत येतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचे. कापूस चालत नाही, तो आम्हीही घालून पाहिला.

गणेशोत्सवाआधी मंडळांसोबत आपली बैठक होते. ती यंदा सराव सुरू होण्याआधी घ्यावी. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याने परवाच पथकात नाव दिलंय, आणि त्याला ताशाच हवाय.

आपला,
एक माजी ताशेवाला
नारायण पेठ, पुणे